दोन ग्राफिक्स कार्डं, दहा बाय बाराची खोली आणि लॅमिंग्टन रोडचे काका

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा रिव्ह्यू आहे, पण दुकानाचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगतो. दुकानवाल्या काकांनीच हात जोडले, म्हणाले नाव नको टाकूस बाबा, आत्ताच फोन उचलून उचलून कान तापलाय. तर रिव्ह्यू दुकानाचाच आहे पण बिननावाचा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचं डॉ. भडकमकर मार्ग, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावरचा एक गाळा, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने जिन्यातच उभं राहायचं एवढी जागा.

आता माझं दुखणं काय ते सांगतो. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, माझी खोली दहा बाय बारा, भिंत पश्चिमेची म्हणजे संध्याकाळी सातला पण हात लावला तर कोमट लागते. काम म्हणजे गणपती मंडळांच्या देखाव्यांचं थ्रीडी करून देणं, कापड-पुठ्ठ्याला हात लावायच्या आधी कमिटीला स्क्रीनवर सगळं बघायचं असतं, मग अध्यक्षांना महाल हवा असतो आणि खजिनदारांना गुहा हवी असते आणि मी रात्रभर दोन्ही रेंडर करत, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून पक्की चित्रं काढून घेत बसतो. त्यासाठी दोन जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्डं लावलीयेत. दोन्ही सेकंडहँड. एक मित्राकडून घेतलं, ते ब्लोअरवालं, म्हणजे मागे एकच गोल पंखा असतो आणि गरम हवा थेट कॅबिनेटच्या बाहेर फेकतो. दुसरं तीन पंख्यांचं, जाडजूड, अडीच स्लॉट (बोर्डावरच्या कार्ड लावायच्या खाचा) खाणारं. मार्च २०१७चं मॉडेल आहे, ११ जीबी मेमरी, प्रत्येकी २५० वॅट. जुनं आहे मान्य, पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्या सायकल्सला दोन्ही कार्डं एकत्र जुंपता येतात आणि वेळ जवळजवळ निम्मा होतो, मला तेवढं पुरतं.

मेमरी मात्र बेरीज होत नाही हे लक्षात ठेवा, अकरा अधिक अकरा बावीस असं सांगून विकणारे अजून भेटतात. सीन दोन्ही कार्डांत वेगवेगळा भरला जातो, त्यामुळे जागा अकराचीच.

आणि हो, शनिवारी मामेभाऊ आला की गेम पण चालतात, जीटीए फाइव्ह वगैरे, एसएलआयचा, म्हणजे गेमसाठी दोन कार्डं एकत्र जोडायचा, पूल लावलेला आहे. एसएलआयचं खरं तर वारलंय. १९९८ला थ्रीडीएफएक्स कंपनीने व्हूडू टू कार्डाबरोबर पहिल्यांदा दोन कार्डं जोडली, मग एनव्हिडियाने २००४ला तेच नाव वेगळ्या अर्थाने आणलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून या जुन्या कार्डांसाठी नवीन गेमचे प्रोफाइल (दोन्ही कार्डं वापरायच्या सेटिंग) देणंच बंद केलं. म्हणजे आता फक्त जुन्या गेमला उपयोग. पण माझे गेम जुनेच आहेत, आणि मी पण.

तर ताप. वरचं कार्ड रेंडर लावल्यावर चार-पाच मिनिटांत ८४ डिग्रीला जाऊन चिकटायचं. ८४ हे कंपनीनेच ठरवलेलं टार्गेट आहे, तिथे पोचलं की कार्ड स्वतःच स्पीड कमी करत जातं, जळत नाही पण कामचुकारपणा सुरू होतो. या कार्डाचा बेस क्लॉक, म्हणजे किमान स्पीड, १४८० मेगाहर्ट्झ आहे, माझं वरचं १४५०ला यायचं, म्हणजे कंपनी जी किमान गॅरंटी देते त्याच्याही खाली. आणि खालचं कार्ड मजेत ७२ वर. दोघं भाऊ एकाच घरात, एक घामाघूम आणि एक पंख्याखाली.

पहिला उपाय मी जो केला तो सांगायलाच हवा कारण त्यात अकरा हजार गेलेत. एका चकाचक शोरूममध्ये गेलो (नाव जाऊ दे), तिथल्या मुलाने कॅबिनेटकडे बघितलं पण नाही, म्हणाला सर एअरफ्लो नाहीये, हे घ्या, आणि समोर पूर्ण काच असलेलं कॅबिनेट आणि तीन रंगीत लाइटवाले पंखे गळ्यात मारले. घरी आणून लावलं, दिसायला एकदम नवरात्रीचा मंडप, आणि तापमान ८४ ते ८४च, वर आवाज वाढला. जुन्या कॅबिनेटमध्ये निदान समोर भोकं तरी होती.

मग ऑफिसमधल्या एकाने काकांचा पत्ता दिला. टॅक्सी करून सगळं धूड घेऊन गेलो, जिन्यावरून चढवताना खांदा भरून आला ते वेगळं. काकांनी आधी चहा मागवला. मग मशीन चालू केलं, माझ्याकडून रेंडर लावून घेतलं, आणि देवाच्या फोटोसमोरची अगरबत्ती उचलून आणली. मला वाटलं आता ओवाळतायत की काय. ती त्यांनी काचेसमोर धरली, धूर सरळ वर गेला, आत एक रेषही नाही. बाजूच्या फटीपाशी धरली, तिथे थोडासा ओढला गेला. मग काच काढली आणि परत धरली, तर धूर असा काय आत ओढला गेला की बस. "बघ," म्हणाले, "तुझे पंखे चांगलेत, पण तू त्यांना नाक दाबून पळायला लावलंयस." अकरा हजारांचं उत्तर एका अगरबत्तीने दिलं, आणि त्याचे पैसे पण नाही घेतले.

पण खरी गंमत पुढे. टॉर्च मारून आत बघितलं आणि विचारलं, "हे जाडं कार्ड वर कोणी लावलं रे?"

"मीच."

"का?"

"काचेतून चांगलं दिसतं ना काका."

ते काहीच बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, माझ्या आजोबांनी दहावीच्या गणिताचे मार्क बघून बघितलं होतं तसं.

आता हा भाग नीट वाचा कारण ज्यांच्याकडे दोन कार्डं आहेत त्यांच्यासाठी सगळा माल इथेच आहे. एका स्लॉटपासून दुसऱ्या स्लॉटचं अंतर ०.८ इंच, म्हणजे वीस मिलिमीटर आणि किंचित वर. माझ्या बोर्डावर दोन मोठे स्लॉट तीन घरांच्या अंतरावर आहेत, म्हणजे साधारण ६१ मिलिमीटर. त्यात अडीच स्लॉटचं जाडं कार्ड वर बसवलं की ते ५० खातं आणि खाली उरतात दहा. करंगळी जात नाही हो तिथे! आणि वरच्या कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात, म्हणजे ते तीन पंखे त्या दहा मिलिमीटरच्या फटीतून हवा ओढायला बघतात, आणि ती हवा कुठली, तर खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची. वर जे गरम बाहेर पडतं ते कॅबिनेटमध्येच सोडलं जातं कारण उघड्या पंख्याचं कार्ड हवा चारी बाजूंना फेकतं. वरचं बिचारं स्वतःचाच उच्छ्वास परत पितं.

ब्लोअरवालं कार्ड दोनच स्लॉटचं. ते वर लावलं की मध्ये वीस मिलिमीटर, म्हणजे दुप्पट फट, आणि त्याची गरम हवा मागच्या पट्टीतून थेट बाहेर, कॅबिनेटमध्ये नाहीच. जाडं कार्ड खाली गेलं की त्याच्या पंख्यांखाली मोकळं मैदान. काकांनी दोन्ही कार्डं काढली, अदलाबदल केली, पूल परत लावला. खर्च शून्य. काच काढलेलीच होती, तिथे चुंबकाची नायलॉन जाळी बसवली. परत रेंडर. वरचं ७९, खालचं ७३. मी तिथेच उभा, हातात गार झालेला चहा. एका सोप्या गोष्टीसाठी आपण अकरा हजार मोजले हे कळल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा.

ब्लोअरचा आवाज मात्र होतो हे सांगून ठेवतो, फुल स्पीडला मिक्सरच. रात्री शेजारी नाही उठत पण मी उठतो. ज्यांना शांतता हवी त्यांनी दोन ब्लोअर घेऊच नका.

मग त्यांनी विचारलं पेस्ट कधी बदललीस, म्हणजे चिप आणि तिला थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या मध्ये लावतात ती. मी म्हटलं, बदलायची असते? कार्डं ठेवून जा म्हणाले, तीन दिवसांत देतो. तीनाचे सहा झाले, इथे एक स्टार कापतोय. मंडळाची मीटिंग होती आणि मी मोबाइलवर गुहा दाखवत होतो. आणून बघतो तर ब्लोअरवालं कार्ड मस्त, ७५ वर आलेलं, आणि जाडं कार्ड, जे आजारी नव्हतंच, ते एका मिनिटात ८४! मला वाटलं गेलं. फोन केला तर काका म्हणाले घेऊन ये, फक्त कार्ड आण, अख्खं घर नको आणूस.

यावेळी लोकलने गेलो, दादरला बदललं, बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कार्ड छातीशी धरून, बाजूच्या बाईंना वाटलं तान्हं बाळ असेल, बसायला जागा देत होत्या. काकांनी उघडलं आणि पोऱ्यावर ओरडले. झालं होतं काय, मेमरीच्या चिपांवर जे थर्मल पॅड लागतात ते त्याने एक मिलिमीटरच्या जागी दीडचे लावले होते. अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक, म्हणजे तो धातूचा ठोकळा, उचलला गेला आणि मधली मुख्य चिप, जिच्यावर पेस्ट असते, तिला नीट टेकलाच नाही. पेस्ट कितीही भारी असू दे, फट भरायचं काम तिचं नाही, तिची जागा केसाएवढ्या खड्ड्यांत. उघडून बघितलं तर पेस्टवर दाबल्याची खूणच नव्हती, थेंब तसाच्या तसा. काकांनी मला ते दाखवलं, झाकलं नाही, समोर बसून स्वतः परत केलं, पैसे नाही घेतले. म्हणून तो कापलेला स्टार अर्धा परत देतोय. घरी स्वतः करणार असाल तर जुना पॅड फेकायच्या आधी त्याची जाडी मोजून घ्या, दाबलेला नाही तो, कडेचा न दबलेला भाग मोजा.

हीटसिंकच्या पात्यांमधून काय निघालं ते पण सांगतो. मुंबईची धूळ ही धूळ नसते, दमट हवा आणि आमच्या किचनमधली फोडणी मिळून तिचा नमदा होतो. पंख्याने फुंकून निघत नाही तो, ब्रशने ओरबाडून काढावा लागला. पोऱ्या म्हणाला दादा यात तर मोहरी पण आहे. मोहरी नव्हती, पण असती तरी मला नवल वाटलं नसतं.

आता हे सगळं झाल्यावर मी खूश, वरचं ७५, खालचं ६८, आणि घरी येऊन रात्री रेंडर लावलं तर कार्डं थंड आणि मी उकडतोय. खोलीत थर्मामीटर ठेवला, ३१ वरून दोन तासांत ३६. काकांना फोन. ते हसायला लागले. "अरे, गरमी काय मी दुकानात ठेवून घेतली काय? कार्डातली काढून तुझ्या खोलीत टाकली, तेवढंच पेस्टचं काम."

हे इतकं साधं आहे आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दोन कार्डांचे ५००, प्रोसेसर आणि बाकीचं धरून साधारण ६५० वॅट, ते सगळेच्या सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीत येतात, पंखे कितीही लावा, पाणी फिरवा, सोन्याची पेस्ट लावा. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दार लावून मी एकटा काम करत नव्हतो, सहा-सात पाहुणे घेऊन बसलो होतो, आणि ते जायचं नाव घेत नव्हते. एसी असता तर? एक टनाचा एसी तासाला साडेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढू शकतो, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा फक्त कॉम्प्युटरनेच खाल्ला असता. (चूक सुधारतो, "तासाला" म्हणायचं नसतं, किलोवॅट म्हणजे किलोवॅट, मामेभावाने वाचून शिव्या दिल्या.)

मग खरा उपाय एकच, मुळात वीज कमी द्यायची. काकांनी फोनवरच सांगितलं, आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाक, पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आण. म्हणजे २५०च्या जागी १८७ वॅट. मला वाटलं काम पण पाऊण होईल. नाही होत! चिपला शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज खूप चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून वरचा तो शेंडा कापला की वीज भरपूर वाचते आणि स्पीड थोडाच जातो. पुढे मी त्यातच कंट्रोल एफ दाबून व्होल्टेज आणि स्पीडचा आलेख उघडला आणि ०.९ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झवर आडवी रेघ मारली. ब्लोअरवालं कार्ड लगेच मानलं. जाड्याने रात्री तीनला रेंडर मध्येच सोडला, सकाळी उठलो तर चाळीस फ्रेम व्हायच्या जागी सहा. त्याला ०.९२५ दिल्यावर गप्प बसलं. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे उचलून लावू नका, आणि क्लायंटचं काम लावायच्या आधी एक रात्र टेस्ट करा.

एक फ्रेम आधी चौदा मिनिटं घ्यायची, ताप चढून स्पीड पडायचा तेव्हा. आता तेरा. वीज कमी देऊन काम लवकर होतंय, हे आमच्या बाबांना अजून पटत नाही, ते म्हणतात मीटर बिघडलाय. गेमला मी फ्रेमची मर्यादा ६०ला बांधली, मॉनिटरच ६०चा आहे, उरलेल्या फ्रेम काय शेजाऱ्यांना दाखवायच्या? त्याने तर कार्डं साठ डिग्रीच्या वर जातच नाहीत.

खोलीसाठी कॅबिनेटची पाठ खिडकीकडे फिरवली आणि खिडकीच्या वरच्या झडपेत साधा एक्झॉस्ट बसवला, दार दोन बोटं उघडं ठेवतो म्हणजे हॉलमधली हवा आत येते. दार पूर्ण बंद केलं तर एक्झॉस्ट नुसता गुरगुरतो, हवा यायला वाट नको का. आता ३१ चे ३३ होतात. कार्डं पण खाली आली, वरचं ७०, खालचं ६३, कारण खोली जेवढी उतरते जवळजवळ तेवढंच कार्ड उतरतं आणि बाकीचं कमी वीज दिल्याने.

मामेभावाची आयडिया होती की हॉलमधल्या एसीचा पाइप करून थेट कॅबिनेटमध्ये सोडायचा. काकांना विचारलं तर ओरडलेच. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की पंचवीस डिग्रीच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा, आणि एसीची झोत त्याच्याही बरीच खाली असते. मशीन चालू असताना सगळं गरम असतं म्हणून वाचेल, पण बंद करून पाइप चालू राहिला की बोर्डावर दव. बाकी नुसत्या दमटपणाला घाबरू नका, चालू कॉम्प्युटर खोलीपेक्षा गरमच असतो, त्याच्यावर पाणी धरत नाही. महिनोन्महिने बंद पडलेल्याला जास्त धोका.

बिल सांगतो. दोन कार्डांचं पेस्ट, पॅड, साफसफाई मिळून चौदाशे, जाळी दीडशे, अदलाबदलीचे आणि अगरबत्तीचे शून्य. पावती मागितल्यावर मिळाली, न मागता नाही. एक स्क्रू कमी आलाय, खालच्या कार्डाच्या बॅकप्लेटचा, अजून दिला नाहीये. वेळ पाळत नाहीत, सीझनला जाऊच नका, मी जूनच्या शेवटी गेलो हीच चूक. आणि नवीन काही विकत घ्यायचं असेल तर तिथे नाही, त्यांच्याकडे विकायला जवळजवळ काही नाहीच, म्हणून तर खरं बोलतात असं माझं मत. मी स्वतःच विचारलं होतं की पाण्याचं कूलिंग करू का दोन्हीला, तर म्हणाले त्या पैशात एक नवं कार्ड येईल, ते दोघांचं काम एकटं करेल, आणि हे दोन विकून टाक. आता गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं?

विकलेली नाहीत अजून. यंदाची अकरा मंडळं आहेत, ती होऊ देत. आईचा पण विरोध आहे, ती पावसाळ्यात इडलीचं पीठ कॅबिनेटच्या मागे ठेवायची, रात्रीत पातेल्याबाहेर यायचं. पॉवर लिमिट लावल्यापासून तेवढं फुगत नाही, तर परवा मला विचारत होती की रविवारी तेवढं पहिल्यासारखं चालवशील का.

साडेतीन स्टार अधिक अर्धा, चार. जायचं तर फक्त कार्डं न्या, अख्खं मशीन न्यायचं असेल तर आधी फोन करा, रविवारी बंद असतं, आणि जिन्याची तिसरी पायरी मोडलीये, हातात सामान असताना बघून.